दबा उलटवणारा मेजर

भारतात आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं आहे. त्यांपैकी सहा जण ज्या तीन रेजिमेंटचे, त्या तिन्हींची केंद्रं मध्य प्रदेशातल्या दोन शहरांत आहेत आणि या शहरांमधलं अंतर मोटारीने अर्ध्या दिवसाचंही नाही. जबलपूरच्या छावणीत ग्रेनेडियर्सचं केंद्र आहे. १९६५ साली रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद, १९७१ चे मेजर होशियारसिंग आणि टायगर हिलवर गोळ्यांनी चाळण होऊनही चढत राहिलेले योगेंद्रसिंग यादव हे तिघे ग्रेनेडियर्सचे. याच छावणीत जम्मू-काश्मीर रायफल्सचं केंद्र आहे. कारगिलचे कॅप्टन विक्रम बात्रा आणि संजय कुमार त्या रेजिमेंटचे. ही पाचही नावं शाळकरी मुलांनासुद्धा ठाऊक असतात. त्यांतल्या काहींवर चित्रपट निघाले, मालिका निघाल्या.

सहावं नाव शोधायला जबलपूरहून दमोहमार्गे सागरला जावं लागतं. तिथे महार रेजिमेंटचं केंद्र आहे आणि त्या रेजिमेंटचं एकमेव परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या नावावर आहे. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज मुंबईचं, रेजिमेंट महाराष्ट्राच्या मातीतून उभी राहिलेली. तरीही मराठी माणसाला विचारलं, तर दहांतले नऊ जण हे नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखे बघतात. ते श्रीलंकेतल्या ज्या लढाईत पडले, ती लढाईच आपण मनाआड केली आहे, हे त्याचं खरं कारण.

जबलपूर हे पूर्वीपासून फौजेचं गाव. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, नंतर वाहनांचा आला. भारतीय लष्कराची ओळख बनलेला ‘शक्तिमान’ ट्रक १९५९ साली जबलपुरातच पहिल्यांदा बाहेर पडला. या भागाशी मराठ्यांचं नातंही जुनं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून डिसेंबर १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. सागर त्याही आधी पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेल्यांनी सांभाळलं, तिथला किल्ला त्यांच्याच काळातला. पानिपताच्या आधी, डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडायच्या कामावर असलेल्या याच गोविंदपंतांवर अफगाण घोडेस्वार बेसावध गाठून तुटून पडले आणि पंत तिथेच मारले गेले. ज्यांनी सागर सांभाळलं ते अचानक पडलेल्या घाल्यात गेले, आणि त्याच गावच्या रेजिमेंटमधल्या एका मेजरने सव्वादोनशे वर्षांनी तसाच घाला शत्रूवर उलटवला. इतिहासात असे योग येतात. त्यांचा अर्थ लावत बसू नये, पण नोंद जरूर ठेवावी.

महार रेजिमेंटची गोष्ट सांगितल्याशिवाय परमेश्वरन यांची सांगता येत नाही. शिवकाळापासून गडकोटांच्या रखवालीत महार होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांत बावीस महार आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढाऊ जाती’चं खूळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत हयात घालवली, त्यांना तुम्ही लढायला लायक नाही असं सांगण्यात आलं. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली एकशे अकरावी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडून टाकली गेली. गरजेपुरतं बोलवायचं आणि गरज सरली की घरी पाठवायचं, असा तो खाक्या होता.

सुभेदार मेजर रामजी सकपाळांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म महूच्या छावणीतला, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलाच. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर ते गेले, महार रेजिमेंटसाठी त्यांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात पहिली महार बटालियन उभी राहिली. दुसरी पुढच्याच वर्षी कामठीला. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे ही मशिनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकींना छेद देणाऱ्या दोन मशिनगन बिल्ल्यावर आल्या. साठच्या दशकात ती पुन्हा पायदळात आली. केंद्र कामठी, नंतर नगरजवळचं अरणगाव असं फिरत स्वातंत्र्यानंतर सागरला स्थिरावलं. ‘यश सिद्धि’ हे रेजिमेंटचं ब्रीद आणि ‘बोलो हिंदुस्थान की जय’ ही रणगर्जना.

नावात एक जात असली, तरी या रेजिमेंटने सगळ्या प्रांतांतल्या, सगळ्या जातिधर्मांच्या जवानांना आपल्यात घेतलं. अनुभवातून आलेला हा शहाणपणा होता, असं मला वाटतं. दार बंद होण्याचं दुःख ज्यांनी भोगलं, त्यांनी आपलं दार सताड उघडं ठेवलं. या रेजिमेंटमधून देशाला दोन लष्करप्रमुख मिळाले, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी. श्रीलंकेत फौज गेली तेव्हा लष्करप्रमुखपदी सुंदरजीच होते.

याच उघड्या दारातून १९७२ साली मुंबईचा एक तमिळ तरुण आत आला. रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ चा. शिक्षण साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आणि शीवच्या कॉलेजात. १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. शीव-माटुंग्याचा तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते वातावरण आठवेल. पहाटे देवळातली घंटा, दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोपऱ्यावर फिल्टर कॉफी, आणि रस्त्यावर आल्यावर तमिळ-मराठी-हिंदी अशी मिसळलेली बोली. अशा घरातल्या विज्ञान पदवीधराने त्या काळी बँकेत किंवा एखाद्या कंपनीत चिकटायचं, असा रिवाज होता. परमेश्वरन मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले आणि १६ जून १९७२ रोजी पंधराव्या महार बटालियनमध्ये अधिकारी झाले. बांगलादेश युद्ध संपून सहा महिने झाले होते. त्या युद्धात नाव कमावलेल्यांच्या मागून आलेली ही पिढी होती, आणि तिच्या वाट्याला आलं ते ईशान्येच्या जंगलातलं, वर्तमानपत्रात न येणारं काम. परमेश्वरन यांनीही बंडखोरांच्या मुलखात वर्षं काढली. जवान त्यांना ‘पॅरी साहेब’ म्हणत. अधिकाऱ्याला जवान लाडाचं नाव देतात, ते काही आदेशाने होत नाही.

जंगलातलं हे काम म्हणजे मुख्यतः दब्याशी गाठ. याच ईशान्येत जून १९५६ मध्ये नागा टेकड्यांत गोरखा पलटणीचं नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल जगन्नाथ रावजी चिटणीस दब्यात सापडून लढता लढता पडले होते आणि त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं होतं.

दबा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, असं आपण समजतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाला कसं कोंडलं, ते आपण चौथीपासून वाचत आलो. खिंडीच्या दोन्ही तोंडांना मावळे, वरून दगड-बाण-गोळ्या, खाली पाण्यावाचून कासावीस झालेली खानाची फौज. शेवटी रायबाघनच्या सल्ल्याने खान शरण आला. पण ही गोष्ट आपण नेहमी वरच्या बाजूने ऐकली आहे, झाडीत लपलेल्या मावळ्याच्या नजरेने. खाली खिंडीत अडकलेल्या शिपायाच्या जागी उभं राहून आपण ती कधी पाहिलेली नाही. श्रीलंकेत भारतीय जवान त्या खालच्या जागी होते.

दब्यात सगळी निवड शत्रूची असते. जागा त्याने हेरलेली, वेळ त्याने ठरवलेली, हत्यारांचे मारे एकमेकांना छेदतील असे त्याने आधीच बसवलेले. तुमच्या हाती उरतात पहिले काही क्षण. पहिल्या फैरीत जो मेला तो मेला. जे वाचले ते सहजप्रवृत्तीने जमिनीला चिकटतात, आणि शत्रूला नेमकं तेच हवं असतं, कारण चिकटलेल्या माणसावर नेम धरायला सोपं जातं. पायदळात म्हणूनच उलटी सवय लावतात. माऱ्यात सापडलेल्यांनी लगेच प्रतिगोळीबार करून शत्रूला गुंतवायचं, आणि माऱ्याबाहेर राहिलेल्यांनी बगलेने किंवा पाठीमागून त्याच्यावर जायचं. कवायतीच्या मैदानावर हे शंभर वेळा करता येतं. काळोखात, अनोळखी बागेत, शेजारचा सोबती नुकताच कोसळलेला असताना ते एकदा करणं ही वेगळीच गोष्ट.

श्रीलंकेत आपण गेलो कसे, ते थोडक्यात. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. त्यानंतर भारताने तमिळ बंडखोर गटांना आपल्याच भूमीवर प्रशिक्षण आणि हत्यारं दिली. त्यांतूनच लिबरेशन टायगर्स ही संघटना बाकी सगळ्यांना गिळून मोठी झाली. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेने तमिळ भागाला अधिकार द्यायचे आणि भारताने मध्ये उभं राहायचं, असा तो करार होता. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. त्याच सुमारास भारतीय शांतिसेनेची विमानं जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरू लागली होती. अगदी आधी उतरलेल्या तुकड्यांत आठवी महार होती. परमेश्वरन तोवर याच बटालियनमध्ये आले होते.

सुरुवातीला जाफन्यात लोकांनी हार घालून स्वागत केलं. दोन महिन्यांत सगळं फिरलं. २६ सप्टेंबरला टायगर्सचा थिलीपन उपोषणात मरण पावला. ५ ऑक्टोबरला पलालीत श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या टायगर्सच्या नेत्यांनी सायनाइड घेतलं. पाठोपाठ युद्ध पेटलं. शांततेसाठी गेलेल्या फौजेला लढायचा हुकूम मिळाला, तोही ज्यांना कालपर्यंत आपणच शिकवलं होतं त्यांच्याशी. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. ऑक्टोबरअखेर जाफना शहर हाती आलं, पण लढाई संपली नाही. टायगर्स शहरातून निघून गावागावांत विरले आणि दब्यांचं सत्र सुरू झालं.

जाफन्याचा मुलूख डोळ्यांपुढे आणला, तर तिथे दबा किती सोपा हे कळतं. सपाट लाल माती, ताडांची आणि नारळाची दाटी. प्रत्येक घराभोवती ताडाच्या झावळ्यांचं उंच कुंपण, दोन कुंपणांमधून जेमतेम एक बैलगाडी जाईल अशी गल्ली. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना पाच हातांपलीकडचं दिसत नाही. टायगरला गणवेश नाही, लुंगी-सदऱ्यातला माणूस दिवसा शेतकरी असतो. रस्त्यात सुरुंग पुरलेले. हत्यारांतही फरक होता. आपल्या जवानाकडे एसएलआर रायफल, म्हणजे घोडा दाबावा तितकी एकेक गोळी, मॅगझिनमध्ये वीस. समोरच्याकडे एके-४७, घोडा दाबून ठेवला की तीस गोळ्यांचा फवारा. तीनशे मीटरवर एसएलआर चांगली, पण नारळाच्या बागेत दहा पावलांवर हिशेब उलटा होतो. त्यात टायगर्स आधी नेम धरत ते अधिकाऱ्यावर आणि पाठीवर रेडिओ घेतलेल्या जवानावर. माणसं मारण्याआधी त्यांचा मेंदू आणि कान निकामी करायचे.

२४ नोव्हेंबरला बातमी आली, की जाफन्याच्या उत्तरेला उडुविलजवळच्या कंथरोडाई गावात हत्यारांचा मोठा साठा उतरवला आहे. कंथरोडाई हे प्राचीन गाव, तिथे छोट्या छोट्या बौद्ध स्तूपांचा एक समूह आजही आहे. खातरजमेसाठी आधी एक छोटी तुकडी गेली. पाठोपाठ मेजर परमेश्वरन आपले जवान घेऊन तिथे पोहोचले. घराला वेढा पडला, झडती झाली, साठा काही सापडला नाही.

आता परतायचं. जे या कामात राहिले आहेत ते सांगतात, की जातानापेक्षा येताना धोका जास्त. जाताना माणूस ताठ असतो. काम निष्फळ झालं, शरीर थकलं, मन तळाकडे लागलं, की पावलं एका लयीत पडू लागतात. आणि आपण त्या वाटेने येणार, हे शत्रूला आता ठाऊक झालेलं असतं.

२५ नोव्हेंबरच्या रात्री त्या परतीच्या वाटेवर तुकडीवर गोळीबार सुरू झाला. टायगर्स दबा धरून होते. त्यांच्याकडे एके-४७ होत्या, रॉकेट लाँचर होते.

इथे परमेश्वरन यांनी जे केलं ते मानपत्रात दोन-तीन कोरड्या वाक्यांत येतं. त्यांतल्या प्रत्येक शब्दामागे एकेक निर्णय आहे, म्हणून थोडं थांबून पाहू. पहिला निर्णय डोकं शांत ठेवण्याचा. हा स्वभाव नसतो, तो निर्णय असतो, आणि तो गोळ्यांच्या आवाजात घ्यावा लागतो. तिथेच पडून राहून कुमक मागवता आली असती, आणि तोवर माणसं एकेक करून पडली असती. गोळीबार करत माघारही घेता आली असती, पण काळोखात वाटेवर सुरुंग नसतील कशावरून? परमेश्वरन यांनी तिसरी वाट धरली. तुकडीचा काही भाग समोरून टायगर्सना गुंतवून ठेवेल, आणि आपण थोडे जवान घेऊन नारळाच्या बागेतून त्यांच्या पाठीमागे जायचं.

पाठीमागूनच का? दबा धरणाऱ्याचं सगळं लक्ष समोरच्या वाटेवर असतं. त्याचा आडोसा त्याच बाजूने असतो, हत्यारांची तोंडं तिकडेच असतात. पाठ उघडी असते, कारण ती त्याची पळायची वाट असते. ती वाट बंद झाली की शिकारी आणि सावज यांची अदलाबदल होते. पण तिथवर पोहोचायचं म्हणजे जमिनीलगत सरपटत, गोळ्या डोक्यावरून जात असताना, पुढे काय आहे हे न दिसता जायचं. कंपनी कमांडरने स्वतः या तुकडीबरोबर जावं असा काही नियम नाही. एखाद्या सुभेदाराला पाठवता आलं असतं. परमेश्वरन स्वतः पुढे गेले.

टायगर्सना पाठीमागून कुणी येईल याची कल्पनाच नव्हती. महारांचे जवान त्यांच्यावर तुटून पडले आणि लढाई हातघाईवर आली. त्या झटापटीत एका टायगरने परमेश्वरन यांच्या छातीत गोळी झाडली. छातीत गोळी लागलेल्या त्या माणसाने पुढे होऊन त्याच टायगरच्या हातातली रायफल हिसकावून घेतली आणि तिनेच त्याला ठार केलं. मग जमिनीवर पडल्या पडल्या, श्वास चालू होता तोवर, ते जवानांना हुकूम देत राहिले. कोण कुठे जाईल, कोण कुणाला झाकेल. शेवटचा श्वास घेतला तेव्हा दबा मोडला होता. पाच टायगर्स ठार झाले होते. तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले होते. परमेश्वरन एक्केचाळीस वर्षांचे होते.

रायफल हिसकावण्याचा तो क्षण नाट्यमय आहे, चित्रकार तोच रंगवतात. मला त्यांच्या शौर्याचं खरं माप त्या आधीच्या आणि नंतरच्या काही मिनिटांत दिसतं. आधी बागेत शिरण्याचा निर्णय, नंतर छातीतून रक्त वाहत असताना दिलेले हुकूम. जखमी माणसाने रागाच्या भरात शत्रूवर झेप घेणं समजू शकतं. मरताना आपल्या जवानांची काळजी करत राहणं, त्यांना विस्कळीत होऊ न देणं, यासाठी पंधरा वर्षांच्या नोकरीत रोज घडत गेलेला माणूस लागतो. अशा वेळी कमांडर पडला की तुकडी कोलमडते, तसं त्यांनी होऊ दिलं नाही. त्या रात्री किती जवान या एका निर्णयामुळे परत आले, हे कुठल्या मानपत्रात लिहिलं जात नाही.

२६ जानेवारी १९८८ रोजी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. त्याच दिवशी सियाचिनचे नायब सुभेदार बाणासिंग यांनाही ते मिळालं. १९७१ च्या युद्धानंतर तोवर कुणालाही परमवीर चक्र मिळालेलं नव्हतं. श्रीलंकेतल्या सगळ्या मोहिमेत मिळालेलं हे एकच परमवीर चक्र. शांतिसेनेत जाऊन ते मिळवणारे परमेश्वरन दुसरे. पहिले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, डिसेंबर १९६१ मध्ये काँगोत. या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला होता. जन्माने युरोपातल्या, विवाहाने मराठी घरात आलेल्या. तमिळ घरातला मुंबईकर, महार रेजिमेंट आणि सावित्रीबाईंनी रेखाटलेलं पदक, हे सगळं एका ठिकाणी आलं, यातच आपल्या फौजेचं खरं रूप दिसतं.

युद्ध पुढे सव्वादोन वर्षं चाललं. चार डिव्हिजन फौज तिथे गुंतली. भारताचे सुमारे बाराशे जवान गेले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. मद्रास बंदरावर त्यांच्या स्वागताला जायचं तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी नाकारलं. राजकारणाचे हिशेब असतील, तमिळ भावनांचा प्रश्न असेल, ते सगळं मान्य करूनही मला वाटतं, की जहाजातून उतरणाऱ्या जवानाचा त्यात काय दोष होता? त्याला पाठवलं सरकारने, त्याने तो प्रश्न निर्माण केला नव्हता. परमेश्वरन यांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच टोचते. शत्रूची भाषा ही त्यांच्या घरची भाषा होती. त्या रात्री बागेत उठलेल्या आरोळ्या इतरांना नुसता आवाज वाटल्या असतील, त्यांना शब्द कळले असतील. तरीही त्यांच्या कर्तव्यात कुठे तसूभर फरक पडला नाही.

श्रीलंकेचे धडे लष्कराने घेतले. पुढच्या काळात काश्मीरमध्ये जवानाच्या हाती एके-४७ आली. जबलपूरच्या ज्या वाहन कारखान्यातून शक्तिमान बाहेर पडत होता, तिथून पुढे सुरुंगापासून बचाव करणारी वाहनं निघू लागली. हा शहाणपणा जाफन्याच्या लाल मातीत रक्ताने विकत घेतलेला आहे, हे त्या वाहनात बसणाऱ्या प्रत्येकाने जाणावं.

फौज आपल्या माणसाला विसरली नाही. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतल्या कवायतीच्या मैदानाला परमेश्वरन यांचं नाव आहे. प्रशिक्षण संपवून अधिकारी होणारी प्रत्येक तुकडी, आता मुलींचीसुद्धा, त्याच मैदानावरून शेवटचं संचलन करत जाते. २०२३ च्या २३ जानेवारीला अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीर चक्रविजेत्यांची नावं देण्यात आली, त्यांत एक बेट परमेश्वरन यांच्या नावाचं आहे. कोलंबोजवळ श्रीलंकेनेच शांतिसेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक बांधलं. ज्या देशात आपले जवान नकोसे झाले होते, त्याच देशाने त्यांची नावं काळ्या दगडावर कोरून ठेवली आहेत.

विसरलो ते आपण, महाराष्ट्राने. परमेश्वरन हे नाव ऐकताच हा दूर दक्षिणेतला कुणी, असं आपण गृहीत धरतो. पण माणूस जिथे जन्मला, शिकला, वाढला तिथला असतो, आणि ज्या माणसांबरोबर लढला त्यांचा असतो. या दोन्ही नात्यांनी ते आपले आहेत. ज्या रेजिमेंटसाठी वलंगकरांनी अर्ज लिहिले आणि बाबासाहेबांनी भांडण मांडलं, तिचं सर्वोच्च पदक या मुंबईकराने मिळवलं. महार माणसाला लढाऊ न मानणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर मिळालं नसतं.

आणखी एक अडचण तारखेची आहे. २५ नोव्हेंबर येतो, आणि दुसऱ्याच दिवशी २६ नोव्हेंबर. मुंबई त्या दिवशी २००८ च्या हल्ल्यातल्या हुतात्म्यांना आठवते, देश संविधान दिन पाळतो. त्या गर्दीत आदला दिवस हरवतो. माझी एवढीच विनंती आहे, की मुंबईतल्या शाळांनी, निदान शीव-माटुंग्याच्या शाळांनी, २५ नोव्हेंबरला पहिल्या तासाला दहा मिनिटं काढून मुलांना कंथरोडाईच्या त्या नारळाच्या बागेत काय घडलं ते सांगावं. आणि भेडाघाट पाहायला जबलपूरला जाणाऱ्या मराठी मंडळींनी प्रवासात एक दिवस सागरसाठी राखून ठेवावा.